उंबऱ्यापाशी थोडं थांबून

दर वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गाला मी एक जुना जपानी चित्रपट दाखवतो. यासुजिरो ओझू या दिग्दर्शकाचा, १९५३ सालचा 'टोकियो स्टोरी'. कृष्णधवल, सव्वादोन तासांचा. मारामारी नाही, गाणं नाही, कॅमेरा जवळजवळ जागचा हलत नाही. पहिल्या अर्ध्या तासात मागच्या बाकांवर मोबाईलचे उजेड दिसू लागतात. नंतर हळूहळू ते विझतात. शेवटी दिवे लावले की दोन-चार मुली ओढणीने डोळे पुसत असतात आणि मुलं खिडकीबाहेर बघत असतात.

सात-आठ वर्षांपूर्वी असेच दिवे लागले आणि खानापूरकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हा तर जपानी 'बागबान'!" वर्ग हसला आणि लगेच सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात चित्रपट जणू संपला, कळला, खिशात गेला. मुलं वाईट, आईबाप बिचारे, सून मात्र सोन्यासारखी. मलाही आक्षेप घेता येईना, कारण २००४ साली मित्राने दिलेल्या सीडीवर मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझंही मत नेमकं हेच झालं होतं.

परक्या देशातलं साहित्य, चित्रं, सिनेमा आपण पाहतो, तेव्हा नेमकं काय पाहतो? समोरच्याचं घर, की त्याच्या काचेत दिसणारं आपलंच तोंड? त्या दिवसापासून हा प्रश्न मला सोडत नाही. आज त्याबद्दलच थोडं बोलू.

गोष्ट एवढीच

जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रकाठी, हिरोशिमा प्रांतात, ओनोमिची नावाचं बंदराचं गाव आहे. तिथले निवृत्त अधिकारी शुकिची आणि त्यांची पत्नी तोमी सातशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून टोकियोला मुलांकडे येतात. थोरला कोइची उपनगरात दवाखाना चालवतो. मुलगी शिगे हिचं केस करण्याचं दुकान आहे. दोघंही कामात बुडालेली. रविवारी आईवडिलांना फिरवायचं ठरतं, तर ऐनवेळी एका आजारी पोराकडे डॉक्टरला जावं लागतं. नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी महागाचा केक आणला म्हणून शिगे त्याच्यावरच करवादते. शेवटी भाऊ-बहीण पैसे काढून म्हाताऱ्यांना अतामी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात. तिथली खानावळ स्वस्तातली, रात्रभर गोंगाट. दोघं दुसऱ्याच दिवशी परत फिरतात.

त्यांच्यासाठी खरा वेळ काढते ती नोरिको, युद्धात गेलेल्या दुसऱ्या मुलाची विधवा. ती कचेरीत नोकरी करते, एका खोलीत राहते. रजा काढून ती दोघांना बसमधून शहर दाखवते. शेजारणीकडून दारू उसनी आणून सासऱ्याला पाजते, सासूचे खांदे चेपते, वर हातखर्चाला पैसे देते. परतीच्या वाटेवर तोमी आजारी पडते आणि गावी पोहोचून जाते. मुलं येतात, अंत्यविधी होतो, मुलं परततात. नोरिको काही दिवस राहते. जाताना सासरा तिला बायकोचं घड्याळ देतो आणि सांगतो, पुन्हा लग्न कर.

'पाश्चात्त्येतर' नावाचं पोतं

आमच्या अभ्यासक्रमांत अशा कलाकृतींना 'पाश्चात्त्येतर' म्हणतात. शब्दच पाहा. त्या काय आहेत हे तो सांगत नाही, काय नाहीत तेवढं सांगतो. जपान, नायजेरिया, इराण आणि आपलं कर्नाटक-महाराष्ट्र, सगळी एकाच पोत्यात भरून वर चिठ्ठी लावलेली. गंमत म्हणजे आपण त्याच पोत्यात असूनही शेजाऱ्याकडे बघतो ते पाश्चात्त्यांच्या खिडकीतून. 'टोकियो स्टोरी' आपल्यापर्यंत आला तोही इंग्रजी पाट्यांसह, लंडनच्या एका मासिकाने केलेल्या याद्यांमुळे. 'साइट अँड साउंड'च्या २०१२च्या पाहणीत जगभरच्या दिग्दर्शकांनी त्याला पहिला क्रमांक दिला होता, समीक्षकांनी तिसरा.

पण तो तिकडेही सहज पोहोचला नव्हता. अकिरा कुरोसावाच्या 'राशोमोन'ला १९५१ साली व्हेनिसमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि जपानी सिनेमाचं दार उघडलं. ओझू मात्र 'फारच जपानी', बाहेरच्यांना कळणार नाही, असं त्याच्या घरच्याच मंडळींना वाटे. लंडनमध्ये १९५८ साली या चित्रपटाचा गौरव झाला, पण न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात तो लागला १९७२ साली. ओझूला जाऊन तोवर आठ वर्षं उलटली होती.

एकच दुखणं, तीन घरं

'जपानी बागबान' म्हणणाऱ्या त्या मुलाला मी चूक म्हणालो नाही. ओळख पटली म्हणून तर तो बोलला. फक्त विचारलं, 'बागबान' २००३चा, त्याआधीचं काही आठवतं का?

आपल्या सीमाभागातल्या जुन्या माणसांना आठवेल. राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' १९५४चा, म्हणजे 'टोकियो स्टोरी'नंतर वर्षभरातला. त्याच कथेवरून बी. आर. पंतुलू यांनी १९५८ साली कन्नडमध्ये 'स्कूल मास्टर' केला. आमच्या घरी वडील 'ऊन पाऊस'ची आठवण काढायचे, तर शेजारच्या अज्जी 'स्कूल मास्टर'ची. आपली गोष्ट खरी कोणाची यावर कट्ट्यावर वादही व्हायचा. मुलांसाठी झिजलेले मास्तर, त्यांची बायको, आणि म्हातारपणी दोघांची वाटणी करून घेणारी मुलं. तिकडे अमेरिकेत लिओ मॅकॅरी यांनी १९३७ सालीच अशा वाटून घेतलेल्या म्हाताऱ्या जोडप्यावर चित्रपट केला होता, 'मेक वे फॉर टुमॉरो'. ओझूचा सहलेखक कोगो नोदा याला तो ठाऊक होता आणि 'टोकियो स्टोरी'चं बीज तिथलं, असं मानतात.

म्हणजे दुखणं एकच. पण औषध पाहा. आपल्याकडच्या गोष्टीत शेवटी न्याय होतो. कधी जुना विद्यार्थी धावून येतो, कधी मानलेला मुलगा. कृतघ्न मुलांची मान खाली जाते आणि आपण हलक्या मनाने चित्रपटगृहाबाहेर पडतो. हा कथेचा दोष नव्हे. कीर्तन-पुराण ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला गोष्टीकडून न्याय हवा असतो आणि तो मागण्याचा त्याला हक्क आहे.

ओझू न्याय करत नाही. कोणी धावून येत नाही, कोणाला पश्चात्तापाने घेरी येत नाही. मुलं पुढच्या गाडीने कामावर जातात. म्हातारा एकटा बसून वारा घेत राहतो, शेजारीण खिडकीतून दोन शब्द बोलून जाते, बंदरातून एक बोट निघून जाते. वर्गात मी विचारलं, "खलनायक कोण?" मुलं म्हणाली, शिगे. "आणि डॉक्टर?" मुलं गप्प. आजारी पोराकडे गेलेल्या डॉक्टरला खलनायक कसं म्हणणार? तिथे पहिल्यांदा त्यांना वाटलं की हे घर आपल्या घरासारखं दिसतं खरं, पण आतली मांडणी वेगळी आहे.

१९४७चा कायदा

ही मांडणी कळायला थोडा इतिहास लागतो. जुन्या जपानी कायद्यात माणसाला नव्हे, घराण्याला मान होता. जपानीत त्याला 'इए' म्हणतात. घराण्याचा एक कर्ता, त्याच्या हाती लग्न, वारसा, सगळं. सर्वसाधारणपणे थोरला मुलगा वारस आणि आईबाप त्याच्याकडे. युद्धात जपान हरला, अमेरिकी सैन्याचा ताबा १९५२पर्यंत राहिला. त्या काळातच, १९४७ साली, नागरी कायदा बदलला आणि ही घराणं-पद्धत कायद्यातून गेली. मुलांचे हक्क समान झाले, लग्न दोघांच्या संमतीचा मामला ठरलं.

'टोकियो स्टोरी' त्यानंतर सहाच वर्षांनी आला. जुना नियम असता तर कोइचीच्या घरी आईवडिलांची जागा ठरलेली होती. आता ती नाही, आणि नवी जागा कुठे हे अजून कोणाला ठाऊक नाही. म्हणून ते पाहुणे म्हणून येतात आणि पाहुण्यांसारखेच अवघडतात. मुलंसुद्धा अवघडतात. आईवडील आणि मोठी होत जाणारी मुलं यांच्यातून जपानी कुटुंबपद्धत कशी ढासळू लागली ते दाखवायचं होतं, अशा अर्थाचं ओझूनेच म्हणून ठेवलं आहे. तो मुलांवर खटला भरत नव्हता.

आणि युद्ध. नोरिकोच्या खोलीत नवऱ्याचा फोटो आहे. त्याला जाऊन आठ वर्षं झाली असं सासू म्हणते. १९५३मधून आठ वजा करा. ओनोमिची हिरोशिमाच्याच प्रांतातलं, पण चित्रपटात बॉम्बचं एकही दृश्य नाही. रात्री जुने मित्र दारू प्यायला बसतात, तेव्हा गमावलेल्या मुलांचा विषय निघतो. जपानच्या प्रेक्षकाला तेवढं पुरेसं होतं. त्या चित्रपटगृहात ज्याच्या घरचा कोणी गेला नाही असा माणूस विरळाच असेल. आपल्याला मात्र ते कोणी सांगावं लागतं.

पाट्यांच्या खाली राहिलेलं

आपण दोन भाषांतली माणसं. एका भाषेतलं दुसरीत नेताना काय सांडतं हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. सकाळी दूधवाल्याशी कन्नड, घरात मराठी, शाळेत तिसरंच. म्हणून हा मुद्दा आपल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा लवकर कळतो.

या चित्रपटातले आईवडील ओनोमिचीच्या बोलीत बोलतात. टोकियोची मुलं राजधानीच्या भाषेत. हा फरक जपानी कानाला पहिल्या वाक्यात कळतो. इंग्रजी पाट्यांत सगळे एकाच भाषेत बोलतात, त्यामुळे फरक पुसला जातो.

माझी आई आपल्या भागातल्या सगळ्या बायकांसारखी 'मी जातो', 'मी येतो' म्हणायची. 'काय करायलास?' असं विचारायची. पुण्याला भावाकडे गेली की तिथल्या सोसायटीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मग आई तिथे कमी बोलू लागली. घरात कोणी तिला वाईट वागवत नव्हतं. ती फक्त कमी बोलू लागली. तोमी टोकियोत सारखी हसून 'बरं, बरं' म्हणत राहते, त्यात ओनोमिचीची बोली ऐकू आली तर तिचं गप्प होत जाणं किती वेगळं दिसतं! हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरं एकदम ताठ बसली. हुबळीहून बेंगळूरला गेलेल्या भावाची भाषा तिथे कशी हसण्यावारी नेतात, ते एका कन्नड मुलाने लगेच सांगितलं.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. शेवटी सासरा नोरिकोला चांगली म्हणतो, तेव्हा ती म्हणते, मी तशी नाही. मी पाहिलेल्या प्रतीत पाटी येते, मी स्वार्थी आहे. पण ती जपानीत जो शब्द वापरते तो 'झुरुई'. त्यात लबाडी आहे, आत एक बाहेर एक असण्याची कबुली आहे. मी तुम्हाला वाटते तशी सदा नवऱ्याच्या आठवणीत नसते, कित्येक दिवस तो आठवतही नाही, रात्री वाटतं की असंच किती दिवस चालणार, मन कशाची तरी वाट बघतं, असं ती सांगते. 'स्वार्थी' म्हटलं की ती नम्र सून वाटते. 'लबाड' म्हटलं की ती एक जिवंत बाई होते, चांगुलपणाच्या मुखवट्याखाली गुदमरलेली.

तिसरी गंमत. आई गेल्यावर धाकटा मुलगा केइझो म्हणतो की थडग्यावर पांघरूण घालता येत नाही. ही जपानी म्हण आहे. आईबाप आहेत तोवरच करायचं ते करा, असा तिचा भाव. पाटीत नुसतं असं काही आलं की मेल्यावर सेवा करता येत नाही. म्हणीचं पांघरूण गेलं आणि उपदेश राहिला. मी मुलांना मूळ म्हण सांगितली, तर बैलहोंगलकडची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे कौदी, सर!" कन्नडमधली कौदी, आपली गोधडी. जुन्या लुगड्यांची, आईच्या हातची. त्या शब्दासरशी वर्ग शांत झाला.

अत्ते, सोसे आणि नोरिको

याच मुलीने पुढे जो प्रश्न विचारला, त्याने माझा पंधरा वर्षांचा समज मोडला. तिने विचारलं, "नोरिको सासूला काय म्हणून हाक मारते?"

मी सांगितलं, आदराने 'आई'च म्हणते, 'ओकासामा'.

ती म्हणाली, "आमच्यात अत्ते. अत्ते म्हणजे सासू आणि अत्ते म्हणजे आत्यापण. मावा म्हणजे सासरा आणि मामापण. सोसे म्हणजे सून आणि भाचीपण. माझ्या आईला तिच्या सख्ख्या मामालाच दिलंय. तिची सासू म्हणजे तिचीच आजी. उद्या काही झालं तर आई कुठे जाणार? ते घर पहिल्यापासून तिचंच आहे. पण नोरिकोचं या घराशी रक्ताचं काय आहे? नवरा गेला, मूल नाही. तुम्हीच म्हणालात, नव्या कायद्याने ती मोकळी आहे. मग ती येते कशाला?"

मराठी मुलं लगेच म्हणाली, कर्तव्य म्हणून. आदर्श सून. आपल्याकडेही सासूला 'आत्याबाई', सासऱ्याला 'मामंजी' म्हणायची रीत होतीच की. मुलगी ऐकेना. "ती रीत रक्ताच्या नात्यावर उभी आहे. इथे ते नाही. कर्तव्यही नाही, कारण सासूसासरे स्वतःच तिला जा म्हणतात, दुसरं लग्न कर म्हणतात."

मग उत्तर काय? मी दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. आता एवढंच म्हणेन की नोरिको येते कारण तिला यायचं आहे, आणि का यायचं आहे हे तिलाही पूर्ण माहीत नाही. एकटेपणामुळे असेल, सवयीने असेल, मायेने असेल. जुनं घराणं मोडल्यावर माणसांना बांधणारं काय उरतं, हा ओझूचा प्रश्न आहे. नोरिकोला 'आदर्श सून' केलं की तो प्रश्नच बुजतो. आणि कुटुंबाच्या पानांवर आपण सुनांना किती सहज आदर्श करून टाकतो! ती स्वतः सांगते आहे की मला तसं करू नका. तिची विनंती तिच्या सासऱ्याने ऐकली. प्रेक्षक ऐकत नाहीत.

लक्षात घ्या, परका चित्रपट समजायला इथे आपलीच नात्यांची भाषा कामी आली. पण सारखेपणा दाखवून नव्हे. आपल्या नात्यांचा धागा कुठवर पोहोचतो आणि कुठे तुटतो, ते दाखवून.

आईचं इरकल

आता शिगेबद्दल. आईचा अंत्यविधी आटोपून सगळे जेवायला बसलेत आणि शिगे आईची अमुक वस्त्रं मला हवीत म्हणून सांगते. धाकटी बहीण क्योको संतापते. आमचा वर्गही दर वर्षी संतापतो. त्याआधी आईची तार येते तेव्हा हीच शिगे शोकाचे कपडे बरोबर घेऊया का म्हणून विचारते. अशुभच की!

पण गेलेल्या माणसाच्या वस्तू आठवण म्हणून जवळच्यांत वाटण्याची जपानमध्ये रीतच आहे, 'कातामिवाके'. सहसा ती एकोणपन्नासाव्या दिवसानंतर होते. म्हणजे शिगे मागते ते चूक नाही, ती घाई करते. आपल्याकडे दिवस झाल्यावर लुगडी वाटतात, तसंच. आणि आणखी एक. आई गेली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने रडली ती शिगेच. हे मी मुलांना विचारतो, तर बहुतेकांना आठवत नाही. खलनायिका एकदा ठरली की तिचे अश्रू डोळ्यांना दिसत नाहीत.

हे मी आज शहाणपणाने लिहितो आहे, पण शिकलो ते उशिरा. माझी आई गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझ्या बहिणीने तिचं एक जुनं इरकल लुगडं मागितलं. घरात माणसं बसलेली. मला इतका राग आला की वर्षभर मी तिच्याशी धड बोललो नाही. मी म्हणजे क्योको होतो, स्वतःच्या चांगुलपणावर खूश. पुढे एकदा चित्रपट पाहून झाल्यावर तिला फोन केला आणि विचारलं, एवढी घाई का केली होतीस? ती म्हणाली, "धुवायला टाकलं असतं. वास गेला असता."

आणि खरं तर मी शिगेहून वेगळा कुठे होतो? नोकरी लागल्यावर आई पहिल्यांदा बेळगावच्या भाड्याच्या घरी राहायला आली, तेव्हा माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. शेजारच्या बायका गोकर्ण-मुरुडेश्वरच्या सहलीला निघाल्या होत्या. मी आईचे पैसे भरले आणि मोठ्या मनाने पाठवून दिलं. परत आली तेव्हा म्हणाली, लई छान झालं. आणि मग, "मी जातो उद्या." अतामीचा प्रसंग मी तोवर तीन वेळा पाहिला होता. त्याने माझ्यात काही फरक पाडला नव्हता, कारण चित्रपट वाईट मुलांबद्दल आहे असं मी समजत होतो आणि मी काही वाईट मुलगा नव्हतो.

चुकीच्या समजुतीची ही किंमत असते. संदर्भ सोडून पाहिलं की कलाकृती आपल्याला हवं तेच सांगते, आणि आपण निर्दोष सुटतो.

दुसऱ्या टोकाची चूक

'सगळी माणसं सारखीच' ही एक चूक. उलट टोकाची चूकही तेवढीच सोपी, 'ते लोकच गूढ'. पाश्चात्त्य समीक्षेत बराच काळ ओझूची शांतता म्हणजे झेन असं समीकरण होतं. अमेरिकेत १९७२ साली पॉल श्रेडर यांनी पुस्तक लिहून ते मांडलं. कामाकुराजवळच्या एंगाकुजी मठात ओझूची समाधी आहे, तिच्यावर नाव नाही, एकच अक्षर आहे, 'मु', म्हणजे काही नसणं. एवढं मिळाल्यावर गूढतेला काय तोटा? पण हा माणूस तरुणपणी हॉलिवूडचे विनोदी चित्रपट पाहून घडलेला, दारूचा शौकीन, आयुष्यभर आईबरोबर राहिलेला अविवाहित. शिगेहिको हासुमी या जपानी समीक्षकाने १९८३ साली ही ठरीव प्रतिमा खोडली आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय आहे ते पाहा म्हणून बजावलं.

कॅमेरा इतका खाली का, याची मोठमोठी उत्तरं आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना ते विचारावं लागलं नाही. "खाली बसल्यावर असंच दिसतं, सर." चटईवर बसणाऱ्या घरात कॅमेराही चटईवर बसला. ओझूचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही किंचित खालीच असतो हे खरं, पण पंगतीत बसून जेवलेल्या मुलांना दिशा बरोबर सापडली.

हाच खेळ आपल्यावर उलटवून पाहा. यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' ही कादंबरी १९६५ची, आणि ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजी अनुवादाने ती जगात गेली. बाहेरच्या वाचकाला ती प्राणेशाचार्यांचा अस्तित्वाचा पेच वाटते. चूक नाही. पण अग्रहारात प्रेत पडून असताना चूल पेटत नाही, म्हणजे सगळ्या गल्लीच्या पोटात काय होतं, हे आपल्याला टीपेशिवाय कळतं. 'संस्कार' हा एकच शब्द अंत्यविधीलाही लागतो आणि घडणीलाही, हेही. परक्याने आपल्या पुस्तकाशी जेवढं सबुरीने वागावं असं वाटतं, तेवढं आपण ओझूशी वागायला हवं.

घरी पाहायचा असेल तर

वाचकांपैकी कोणी हा चित्रपट घरी सगळ्यांनी मिळून पाहिला तर मला आनंद होईल. तीन गोष्टी सुचवतो, कुठल्याही परक्या चित्रपटाला किंवा पुस्तकाला चालतील.

पहिली, 'हे अगदी आपल्यासारखं' असं वाटेल तिथे थांबू नका, पुढे विचारा की नेमकं कुठे आपल्यासारखं नाही. दुसरी, साल पाहा आणि त्याआधीच्या दहा वर्षांत त्या घरावर काय गुदरलं ते शोधा. तिसरी, माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात ते कान देऊन ऐका. पाट्या वाचतानाही आवाज ऐकता येतो. आपण दोन भाषांच्या घरात वाढलो, तेवढा कान आपल्याला आहे.

पुस्तकी ज्ञान हवंच असं नाही. आजीला शेजारी बसवा. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने तसं केलं. आजीला जपानी येत नाही, इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत. सुरुवातीला सामान भरताना हवेची उशी कोणाकडे आहे यावरून म्हातारा-म्हातारीची जुजबी बोलाचाली होते. बायको म्हणते तुमच्याकडेच आहे, आणि ती त्याच्याकडेच सापडते. आजी तेवढंच बघून म्हणाली, "तो एकटा राहिल्यावर त्याला काही सापडणार नाही."

चित्रपट संपायला अजून दोन तास होते.